एका मूत्रपिंडावर भागते का?

मूत्रपिंडात गाठ निघाली, एक मूत्रपिंड काढून टाकावे लागले, असे कोणी सांगितले की ऐकणारा लगेच धीर देतो, "दुसरे आहे ना, एकावर भागते की!" भिगवणच्या एस. टी. स्टँडवर हे वाक्य जितक्या सहज ऐकू येते तितक्याच सहज ते पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांतही बोलले जाते. वाक्य खोटे नाही. आपले एक मूत्रपिंड नातेवाइकाला देऊन पुढे वर्षानुवर्षे शेती करणारी, नोकरी करणारी माणसे आपण पाहतो. पण हे वाक्य कोणाच्या बाबतीत खरे आहे, किती काळ खरे आहे आणि ते खरे आहे हे मुळात कोणी, कसे सिद्ध केले, असे प्रश्न विचारू लागलो की दीडशे वर्षांचा मोठा उद्बोधक इतिहास उलगडतो.

या इतिहासाचा आरंभ जर्मनीतील हायडेलबर्ग येथे होतो. मार्गारेटा क्लेब नावाच्या स्त्रीवर आधी पोटाची एक शस्त्रक्रिया झाली होती. तीत मूत्रवाहिनीला इजा झाली आणि मूत्र भलत्याच वाटेने पाझरू लागले. गुस्ताव्ह सायमन या शल्यचिकित्सकाने ते बंद करण्याचे सारे प्रयत्न करून पाहिले. उरला तो एकच उपाय : त्या बाजूचे मूत्रपिंडच काढून टाकणे. परंतु निरोगी असलेले एक मूत्रपिंड काढले तर माणूस जगेल का, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. सायमनने प्रथम कुत्र्यांवर प्रयोग केले. एक मूत्रपिंड काढल्यावरही कुत्री जगली आणि उरलेले मूत्रपिंड आकाराने वाढले, असे त्याला दिसले. मग २ ऑगस्ट १८६९ रोजी त्याने ती शस्त्रक्रिया केली आणि मार्गारेटा बरी झाली. शस्त्रक्रियेच्या इतिहासात आधी प्रयोग आणि मग रुग्ण असा क्रम त्या काळी क्वचितच पाळला जाई. म्हणून सायमनचे कौतुक दुप्पट करायला हवे.

सायमनने सिद्ध केले ते नेमके काय, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. दुसरे मूत्रपिंड चांगले असेल तर माणूस एकावर जगतो, एवढेच. पुढच्या शंभर वर्षांत या विधानातील 'असेल तर' हळूहळू गळून पडले.

तसे पाहता दुसरी वाट लवकरच दिसली होती. सायमनच्या मागून हायडेलबर्गला आलेल्या व्हिन्सेन्झ चेर्नी याने १८८७ मध्ये मूत्रपिंडातील गाठ काढताना गाठीपुरताच भाग काढला आणि बाकीचे मूत्रपिंड जागेवर ठेवले. पण मूत्रपिंड म्हणजे रक्ताने भरलेला स्पंजच. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभर रक्त, या दोन दीडदीडशे ग्रॅमच्या अवयवांतून जाते. तो स्पंज कापायचा म्हणजे रक्तस्राव आणि नंतर मूत्राची गळती ठरलेलीच. त्यामानाने रक्तवाहिन्या बांधून सबंध मूत्रपिंड काढणे सोपे आणि सुरक्षित होते. तेव्हा चेर्नीची वाट ओस पडली, यात नवल नाही.

येथे एका नावाची गोष्ट सांगायला हवी, कारण ते पुढे लागणार आहे. १८८३ मध्ये पॉल ग्राविट्झ याने असे मत मांडले की, मूत्रपिंडातील या पिवळसर गाठी मूत्रपिंडाच्या नसून त्याच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या भरकटलेल्या पेशींपासून होतात. त्यावरून पुढे त्यांना 'हायपरनेफ्रोमा' म्हणू लागले. मत चुकीचे होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १९६० च्या सुमारास दाखवून दिले की या पेशी मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्याच आहेत. मत गेले, पण नाव पुढेही कित्येक वर्षे रुग्णांच्या कागदांवर राहिले.

आणि नेमके हेच नाव भारतातील मूत्रपिंडरोपणाच्या पहिल्या प्रयत्नाच्या नोंदीत सापडते. मे १९६५ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात एका मृत व्यक्तीचे मूत्रपिंड एका रुग्णाला बसवण्यात आले. आपल्या देशात माणसावर झालेला हा पहिला प्रयत्न. रोपण म्हटले की दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेला रुग्ण आपल्या डोळ्यांसमोर येतो. परंतु या रुग्णाची मूत्रपिंडे निकामी झालेली नव्हती. त्याला हायपरनेफ्रोमा होता, म्हणजेच मूत्रपिंडाची गाठ. रुग्ण अकरा दिवसांत दगावला. मे १९६६ मध्ये दुसरा प्रयत्न झाला, तो खरोखरच मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णावर. तोही तीन दिवसांत दगावला. दोन्ही मृत्यूंचे मुख्य कारण मूत्रपिंडाबाहेरचे होते. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ मध्ये जिवंत दात्याचे मूत्रपिंड बसवण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि तेथून पुढे भारतात रोपण रुळले.

के. ई. एम. च्या त्या पहिल्या प्रयत्नाकडे अपयश म्हणून पाहिले जाते, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तो फार बोलका आहे. तेव्हाच्या मुंबईची परिस्थिती आठवा. डायलिसिसची यंत्रे देशात बोटांवर मोजण्याइतकी. मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नाही. ती १९९४ च्या अवयवरोपण कायद्याने आली. म्हणजे दात्याचे हृदय थांबल्यावरच मूत्रपिंड काढायचे आणि तोवर ते रक्तावाचून तडफडलेले असायचे. भरीस भर म्हणजे रोपणानंतर द्याव्या लागणाऱ्या औषधांनी रोगप्रतिकारशक्ती दाबली जाते आणि कर्करोगाला मोकळे रान मिळते. कर्करोगावरचे उपचार पूर्ण होऊन पुरेसा काळ गेल्याशिवाय आज रोपण करत नाहीत ते त्यामुळेच. तरीही, गाठीसोबत मूत्रपिंडाचे कामही जाते आणि त्याची भरपाई केली पाहिजे, हा विचार या रोपणामागे आहेच. त्यांनी भरपाईसाठी दुसऱ्याचे मूत्रपिंड आणले. त्याच मूत्रपिंडाचा चांगला भाग वाचवणे हा दुसरा मार्ग अजून वापरात यायचा होता.

जगातील वारे तर उलट दिशेने वाहत होते. कॅनडातील टोरांटोच्या चार्ल्स रॉबसन याने १९६३ मध्ये आणि नंतर १९६९ मध्ये आपल्या शस्त्रक्रियांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूत्रपिंड, त्याभोवतीची चरबी, वरची अधिवृक्क ग्रंथी आणि आसपासच्या लसिकाग्रंथी असे सारे एकत्र काढले तर रुग्ण अधिक जगतात, असे त्याचे म्हणणे होते. त्या काळी रुग्ण येत तेच मुळी लघवीतून रक्त जाऊ लागल्यावर किंवा कुशीत गोळा हाताला लागल्यावर. अशा मोठ्या गाठींसाठी रॉबसनची पद्धत योग्यच होती. अमेरिकेत व्हर्मूटेन याने १९५० मध्येच निवडक गाठींसाठी मूत्रपिंड राखण्याची बाजू मांडली होती, पण तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

चित्र पालटले ते शस्त्रक्रियेमुळे नव्हे, तर चित्रे काढणाऱ्या यंत्रांमुळे. सोनोग्राफी आणि सी. टी. स्कॅन १९७० च्या दशकात आले. पोटदुखीसाठी किंवा पित्ताशयातील खड्यासाठी तपासणी करताना मूत्रपिंडात दोन-तीन सेंटिमीटरची गाठ अवचित सापडू लागली. लिंबाएवढ्या गाठीसाठी सबंध मूत्रपिंड काढायचे का, हा प्रश्न आता टाळता येईना.

याच सुमारास शरीरक्रियाशास्त्राने दुसरा धक्का दिला. बॅरी ब्रेनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, मूत्रपिंडाचा बराचसा भाग काढला तर उरलेल्या गाळण्यांवर जास्तीचा भार येतो आणि त्या भारानेच त्या हळूहळू निकामी होत जातात. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. कमी-अधिकपणा माणसागणिक बराच. ते सारे जन्मापूर्वीच तयार होतात, नंतर एकही नवा होत नाही. उरलेले मूत्रपिंड 'वाढते' म्हणजे नेफ्रॉन फुगतात, त्यांची संख्या वाढत नाही.

नीरा डाव्या कालव्याच्या भागातील मुलांना हे समजावणे अगदी सोपे आहे. दारे धरलेल्या कोणालाही ठाऊक असते की, चार चाऱ्यांचे पाणी दोनच चाऱ्यांतून सोडले तर रान भिजते खरे, पण त्या दोन चाऱ्यांचे काठ खचू लागतात. आज नाही, तर दोन-चार हंगामांनी. काठ मुळात भक्कम असतील तर काही होतही नाही. तरुण, निरोगी दात्याचे मूत्रपिंड म्हणजे भक्कम काठाची चारी. त्याची चाचपणी करूनच त्याला दान करू दिलेले असते. पण मूत्रपिंडात गाठ होणारी माणसे बहुधा पन्नाशी-साठीची, पुष्कळदा रक्तदाब किंवा मधुमेह असलेली. त्यांना दात्याचा नियम लावणे म्हणजे सायमनचे 'असेल तर' विसरणे.

हे विसरणे किती महागात पडत होते, ते न्यूयॉर्कच्या एका अभ्यासाने २००६ मध्ये आकड्यांनिशी मांडले. चार सेंटिमीटर किंवा त्याहून लहान गाठीसाठी शस्त्रक्रिया झालेले ६६२ रुग्ण त्यांनी घेतले. सर्वांना दोन मूत्रपिंडे होती आणि सर्वांचे रक्तातील क्रिएटिनिन 'नॉर्मल' होते. तरीही हिशेब करून पाहता, शस्त्रक्रियेच्या आधीच त्यांतल्या २६ टक्के जणांची मूत्रपिंडे मंदावलेली निघाली. बाकीच्यांपैकी ज्यांचे केवळ गाठीपुरते ऑपरेशन झाले, त्यांच्यातील ८० टक्के जणांचा गाळणीचा वेग तीन वर्षांनंतरही ६० च्या वर राहिला. ज्यांचे सबंध मूत्रपिंड काढले त्यांच्यात हे प्रमाण केवळ ३५ टक्के होते.

क्रिएटिनिन नॉर्मल असून मूत्रपिंड मंदावलेले, हे कसे? क्रिएटिनिन हा स्नायूंत रोज ठरावीक प्रमाणात तयार होणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंड तो गाळून टाकते. गाळणीचा वेग निम्मा झाला की रक्तातील क्रिएटिनिन दुप्पट होते. पण ज्याचे मूळचे ०.६ होते त्याचे दुप्पट होऊन १.२ झाले, तरी प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत ते 'नॉर्मल'च दिसते! कृश म्हातारीच्या अंगात स्नायूच कमी, त्यामुळे तिचा आकडा तर अधिकच फसवतो. वय आणि लिंग लक्षात घेऊन वेगाचा अंदाज बांधणारी सूत्रे म्हणूनच वापरावी लागतात.

आता शस्त्रक्रियेच्या दालनात परत जाऊ. १९९० हे वर्ष येथे महत्त्वाचे. त्या वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. सरकारी रुग्णालयातील गरीब रुग्णाला लवकर कामावर परतता यावे, हा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी २५ जून रोजी अमेरिकेत सेंट लुई येथे राल्फ क्लेमन याने ८५ वर्षांच्या एका स्त्रीचे गाठ असलेले मूत्रपिंड दुर्बिणीतून काढले. पोटाच्या आतच ते पिशवीत घालून त्याचे बारीक तुकडे केले आणि बोटभर छिद्रातून बाहेर घेतले.

गंमत अशी की, या सुधारणेने मूत्रपिंड राखण्याच्या कामाला काही काळ खीळच घातली. छोट्या छिद्रांतून अख्खे मूत्रपिंड काढणे जमू लागले, पण गाठ कापून उरलेले शिवणे फार अवघड होते. रुग्णाची जखम लहान झाली आणि नुकसान मात्र मोठे राहिले. बाहेरून दिसणाऱ्या टाक्यांवरून शस्त्रक्रियेची थोरवी मोजू नये, ती यासाठी.

अडचण होती वेळेची. रक्तस्राव टाळण्यासाठी मूत्रपिंडाच्या धमनीला चिमटा लावून रक्त थांबवावे लागते. मग गाठ कापायची, उघडे पडलेले मार्ग शिवायचे आणि चिमटा काढायचा. तेवढा वेळ पेशी प्राणवायूवाचून राहतात. मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला एरवीही प्राणवायू बेताचाच मिळतो, म्हणून तेथील नलिका आधी कोमेजतात. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत मूत्रपिंडाभोवती बर्फाचा चुरा रचता येतो. भिगवणच्या मासळी बाजारात उजनीची चिलापी पेटीत भरताना बर्फाचे थर का देतात, ते सर्वांना माहीत आहे. थंडीत नासण्याची क्रिया मंदावते. जिवंत पेशींना तर दुहेरी फायदा होतो, कारण त्यांची प्राणवायूची भूकही कमी होते. पण बोटभर छिद्रातून बर्फ आत कसा न्यायचा? तेव्हा उपाय उरला हात जलद चालवण्याचा. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मूळचे भारतीय डॉ. इंदरबीर गिल यांनी दुर्बिणीतून गाठ काढून शिवण्याचे तंत्र पक्के केले. २००४ पासून यंत्रमानवाच्या हातांनी हे शिवणकाम होऊ लागले आणि पुढे पुष्कळ सुकर झाले.

'प्रत्येक मिनिट मोलाचे' असे सांगणारा अभ्यास २०१० मध्ये आला. एकच मूत्रपिंड असलेल्या ३६२ रुग्णांत, चिमट्याचा काळ जितका लांबला तितके नुकसान वाढलेले दिसले. २५ मिनिटांच्या पुढे ते विशेष होते. लगोलग २०११ मध्ये गिल यांनी मुख्य धमनीचा रक्तप्रवाह न थांबवता शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मांडली. घड्याळाचे वेड असे शिगेला पोहोचले असतानाच त्याच वर्षी ६६० एकाकी मूत्रपिंडांचा दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. किती चांगला भाग उरला आणि तो मुळात कसा होता, या दोन गोष्टी हिशेबात घेतल्यावर मिनिटांचे महत्त्व बरेच ओसरले. लांबलेला चिमटा बहुधा मोठ्या, खोल गाठीचा असतो आणि मोठ्या गाठीसोबत चांगला भागही जास्त जातो. दोन गोष्टी बरोबर वाढल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे वर्गात शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. तेव्हापासून लक्ष वळले ते गाठीभोवतीची निरोगी कडा कमीत कमी कापण्याकडे आणि टाके आवळून चांगल्या भागाचे रक्त न तोडण्याकडे. मूत्रपिंड वाचावे म्हणून शस्त्रक्रियेत मॅनिटॉल देण्याची जुनी प्रथा होती. २०१८ मध्ये तिची रीतसर चाचणी झाली. मॅनिटॉल दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांत फरक आढळला नाही.

आता एक अवघड गोष्ट. युरोपात १९९२ पासून ५४१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी करण्यात आली : एकाचे सबंध मूत्रपिंड काढायचे, दुसऱ्याची फक्त गाठ. मूत्रपिंडाचे काम दुसऱ्या गटात अपेक्षेप्रमाणे चांगले राहिले. गाळणीचा वेग कधी ना कधी ६० च्या खाली गेलेल्यांचे प्रमाण सबंध मूत्रपिंड काढलेल्यांत ८५.७ टक्के, तर गाठ काढलेल्यांत ६४.७ टक्के होते. परंतु पूर्ण निकामी होण्याचे प्रमाण दोन्हींत दीड टक्क्याच्या आसपासच. आणि दहा वर्षे जगलेल्यांचे प्रमाण? पहिल्या गटात ८१.१ टक्के, दुसऱ्यात ७५.७ टक्के! म्हणजे मूत्रपिंड राखल्याने आयुष्य वाढले, असे या चाचणीत दिसले नाही. चाचणीला ठरवलेले रुग्ण मिळाले नाहीत, ती अपुरी राहिली, हे खरे. आणखी एक उत्तर पुढील अभ्यासांतून मिळते : शस्त्रक्रियेने एकदाच कमी झालेले काम पुष्कळदा तेथेच स्थिरावते, मधुमेहाने किंवा रक्तदाबाने होणारा ऱ्हास मात्र चालूच राहतो. माझ्या मते या चाचणीने मूत्रपिंड राखण्याचा विचार मोडीत निघत नाही. लहान गाठीसाठी आज जगभर तोच आधी पाहिला जातो. ज्याला आधीच मधुमेह आहे किंवा ज्याचे दुसरे मूत्रपिंड दुबळे आहे, त्याला तो सर्वाधिक लागू पडतो. फार वयोवृद्ध माणसाच्या लहान गाठीवर नुसती नजर ठेवणे हाही मान्य मार्ग आहे.

दुबळ्या मूत्रपिंडाची राखण शस्त्रक्रियेनंतर घरीच होते आणि खेड्यात ती सांभाळणे अवघड जाते. पुण्याहून शंभर किलोमीटरवर राहणारा माणूस टाके काढल्यावर पुन्हा तिकडे जायला नाखूश असतो. पण वर्षातून निदान एकदा क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि दर काही दिवसांनी रक्तदाब, एवढ्या तपासण्या जवळपास होऊ शकतात. बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. गुडघे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, उसाच्या फडात वैशाखाच्या उन्हात घोटभर पाण्यावर काढलेला दिवस, घटक माहीत नसलेली भस्मे : उरलेल्या नेफ्रॉनांना यांचा त्रास शस्त्रक्रियेतील दहा जादा मिनिटांहून अधिक होऊ शकतो.

नववी-दहावीच्या वर्गासाठी एक आलेख. गाळणीचा वेग आणि क्रिएटिनिन यांचा गुणाकार ८० धरा. आडव्या अक्षावर वेग १००, ८०, ६७, ५०, २५, १० असा घ्या. क्रिएटिनिन अनुक्रमे ०.८, १.०, १.२, १.६, ३.२ आणि ८ येईल. बिंदू जोडून वक्र काढा आणि १.२ वर आडवी रेघ मारा. त्या रेघेखाली, म्हणजे 'नॉर्मल' अहवालात, मूत्रपिंडाचे किती काम गमावता येते ते मुलांनाच मोजू द्या.